हारामागचा बिल्ला

गेल्या मे महिन्यात बाबा सकाळी फिरायला गेले आणि जेवायची वेळ टळून गेली तरी परतले नाहीत. फोन घरीच, चार्जिंगला लावलेला. मी ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडली, "फॅमिली इमर्जन्सी" एवढंच टाइप केलं आणि गाडी काढली. इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमध्ये, पायी चालणारा माणूस दिसणं मुळातच दुर्मीळ, त्यामुळे पंच्याऐंशीचा म्हातारा शोधणं सोपं असावं असं वाटतं, पण तसं नसतं. तळ्याकाठी नाहीत. देशी किराणा दुकानाबाहेरच्या बाकावर, जिथे आमच्यासारख्यांकडे राहायला आलेले आईवडील रोज बसून गुडघे आणि सुना या विषयांवर बोलतात, तिथेही नाहीत. मला राग आला, कारण मला काळजी वाटायला लागली की आधी रागच येतो.

सापडले ते शेजारच्या गावातल्या टाउन हॉलसमोर. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि दुसऱ्या रांगेत, गणवेशातले पोलीस आणि काळे कपडे घातलेल्या बायका यांच्या मधोमध, जावयाची जुनी टोपी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आमचे बाबा बसले होते. कामावर असताना मारल्या गेलेल्या पोलिसांची आठवण म्हणून दर वर्षी होणारा कार्यक्रम होता तो. मी इथे वीसहून जास्त वर्षं राहतेय, आणि असा काही कार्यक्रम होतो याचा मला पत्ता नव्हता. एक अधिकारी बाई एकेक नाव वाचत होत्या. नाव वाचलं की एक घंटा वाजायची आणि मग सगळे गप्प. बाबांच्या हातात कुणीतरी पाण्याची बाटली दिली होती, ती त्यांनी उघडली नव्हती. ते रडत होते.

झापायचं ठरवून आले होते, पण मागे उभी राहिले आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाडीत बसवलं.

"एकेकाचं नाव वाचतात गं," ते म्हणाले.

"हो बाबा. पण फोन घेऊन जात जा ना."

"त्यातला एक तर फार जुना. त्याच्या घरचं कुणी नव्हतं आलेलं. तरी त्याचं नाव वाचलं, घंटा वाजवली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या वडिलांचं असं कुणी वाचलं नाही कधी."

मी एसीचं बटण फिरवलं. आमच्या घरात हा विषय निघत नसे. निघालाच तर आई उठून दुधाखालचा गॅस बघायला जायची, आणि आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं होतं.

माझे आजोबा इंग्रजांच्या राज्यात पोलीस शिपाई होते. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या तालुक्याच्या गावी लोक झेंडा घेऊन कचेरीवर चालून गेले. फौजदार आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आजोबा दाराबाहेर राहिले, म्हणजे त्यांना ठेवलं होतं. आधी दगड आले, मग काठ्या. दारातच त्यांचा जीव गेला. नंतर आतून गोळीबार झाला आणि गावातले दोन तरुण मेले. बाबा तेव्हा नुकते चालायला लागले होते. त्यांना वडिलांचं काहीही आठवत नाही, आवाज नाही, वास नाही, काही नाही. त्या दिवशी मेलेल्या तिघांपैकी दोघांचा चौकात स्तंभ आहे. तिसऱ्याबद्दल विचारलं तर गाव पाऊसपाण्याचं बोलायला लागतं.

मला माझी बाजू आधीच सांगून टाकू दे. मी त्या काळात असते तर त्या लोकांमध्येच असते. झेंडा बरोबर होता, कचेरी चूक होती, यात मला तिळमात्र शंका नाही. बाबांनाही नव्हती. ते शाळेत इतिहास शिकवत, आणि बेचाळीसचा धडा ते असा काही रंगवत की शेजारच्या वर्गातली मुलं कान लावून ऐकायची. लहानपणी ते वर्गात पहिले आले त्या वर्षी पंधरा ऑगस्टला त्या चौकातल्या स्तंभाला हार घालायचा मान त्यांना मिळाला होता. त्यांनी घातला. आजी प्रभातफेरीच्या मागे मागे चालत आली होती म्हणे, आणि घरी आल्यावर त्यांना एवढंच म्हणाली, की सरळ घातलास ना, वाकडा नाही ना झाला.

घरी एकच फोटो होता. आजोबा खुर्चीत बसलेले, टोपी गुडघ्यावर, कमरेला पट्टा, छातीवर नंबराचा पितळी बिल्ला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर आजीने त्या फोटोला चंदनाचा हार घातला. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला तो असतोच, त्यात नवल नाही. पण हा हार आजीने मुद्दाम जाडजूड करून घेतला होता आणि असा बसवला होता की गळ्याखालचं काहीही दिसू नये. बिल्ला नाही, पट्टा नाही, टोपी नाही. फक्त तोंड. पाहुणे यायचे, फोटोला नमस्कार करायचे, जायचे. झटकायला म्हणूनसुद्धा तो हार कुणी काढायचा नाही, ही आमच्या घरातली रीत. फडकं फिरवायचं ते वरून. हार जुना होऊन चंदनाचे तुकडे गळायला लागले की आजी नवा हार जुन्याच्या वरून घालायची आणि मग खालचा कापून ओढून काढायची. मी हे लहानपणी पाहिलंय आणि मला ते देवपूजेतलंच काहीतरी वाटायचं. बाबांनीही पुढे तसंच केलं. आजीच्या हयातीत आणि नंतरही, हाराखालचा फोटो आमच्यापैकी कुणी उघडा पाहिला नाही.

श्राद्धाचंही तसंच. पितृपंधरवड्यात ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचं श्राद्ध होतं, पण ज्याला शस्त्राने, घाताने मरण आलं त्याचं तिथीला होत नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला होतं. आमच्याकडे चतुर्दशीच. गुरुजी विचारायचे, कशाने गेले? आजी म्हणायची, अपघात. पुढे बाबाही म्हणायचे, अपघात. एकदा मी विचारलं होतं, कसला अपघात, बैलगाडीचा का? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

आई गेल्यावर बाबा इकडे आले तेव्हा तो फोटो धोतरात गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणला. आमच्या बैठकीच्या खोलीत मोठ्या काचेच्या दारासमोरच्या भिंतीवर लावला, कारण गावच्या घरीही तो असाच अंगणाच्या दारासमोर असायचा. नवऱ्याने तिथे टीव्ही लावायचं ठरवलं होतं. टीव्ही वरच्या मजल्यावर गेला.

तर त्या मे महिन्यापासून बाबांच्या डोक्यात ती घंटा बसली. जेवताना म्हणायचे, "लढा बरोबरच होता गं. पण म्हणून माझा बाप कमी मेला का?" मी म्हणायचे, भाजी घ्या. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "एकदा नाव वाचावं. आपल्या माणसांनी. मी समोर बसलेला असताना. पोलीस शिपाई, असं म्हणून. बस्स."

"इथल्या लोकांना सांगून बघू?"

"ह्यांना काय घेणं आहे त्यांच्याशी? आपल्या माणसांनी वाचायला हवं."

आपली माणसं म्हणजे इथलं मराठी मंडळ. पुणे, मुंबई, नागपूर, सगळ्यांची खिचडी. व्हिसा, ग्रीन कार्ड, शाळा, क्रिकेट, आणि सण आला की ढोल. जुलैत मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला: पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात 'आमच्या घरातलं स्वातंत्र्य' असा स्लाइडशो करणार, ज्यांच्या घरात कुणी स्वातंत्र्यसैनिक होतं त्यांनी फोटो आणि दोन ओळी द्याव्यात. मी तो निरोप बाबांना दाखवला नव्हता. पण बाकावरचे त्यांचे दोस्त काय कामाचे? संध्याकाळी घरी आले ते ठरवूनच.

माझी लेक तेव्हा सुट्टीत कॉलेजातून घरी आली होती. ती मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. पोलिसांनी लोकांना मारलं म्हणून रस्त्यावर उतरणारी, हातात पुठ्ठे घेऊन घोषणा देणारी मुलगी ती. आबांवर तिचा जीव आहे, त्यामुळे ती शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "बट आबा, ही वॉज अ कलोनिअल कॉप."

"म्हणजे काय गं?" बाबांनी मला विचारलं. त्यांना कळलं होतं, इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येतं.

"ती म्हणतेय ते इंग्रजांचे पोलीस होते."

"मग? इंग्रजांची पोस्ट होती, इंग्रजांची रेल्वे होती. पोस्टमनला कुणी काही म्हटलं का?" मग लेकीकडे वळून म्हणाले, "पोटाला काय खाणार होता तो माणूस? तू चूक नाहीस, पोरी. पण तो मेला ना?"

लेकीने त्यांचा हात धरला. पटलं मात्र नाही तिला, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं पटलं. मी म्हटलं, बाबा, स्वातंत्र्यसैनिकांच्या रांगेत पोलिसाचा फोटो कसा लावतील ते? लोक काय म्हणतील? त्यावर ते म्हणाले, लावतील की नाही ते त्यांना ठरवू दे, तू मला फक्त सोड.

मंडळाच्या सेक्रेटरी नागपूरच्या, बोलायला गोड, कामाला वाघ. शनिवारी मी बाबांना त्यांच्या दारात सोडलं. बाबांनी फोटो हारासकट कापडी पिशवीत घेतला होता, आणि वाटेत दोनदा वाक्य म्हणून पाहिलं होतं: माझे वडील पोलीस शिपाई होते, बेचाळीस साली कामावर असताना जमावाच्या हातून गेले. मी सामान आणायला दुकानात गेले. परत आले तेव्हा ते अंगणात पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, चेहरा उजळलेला.

"घेतला फोटो," म्हणाले. "चांगली आहे बाई. उठून नमस्कार केला तिने."

"काय सांगितलंत तुम्ही?"

"सांगायला सुरुवात केली. म्हटलं माझे वडील, बेचाळीसला गेले. तेवढ्यात म्हणाली, काका, बेचाळीसला? आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली बस काका, कळलं, पुढचं सांगू नका, त्रास होईल तुम्हाला. मग फोनवर फोटो काढला. हार आहे तसाच राहू दे म्हणाली."

माझ्या लक्षात तिथेच यायला हवं होतं, पण मला ते सगळं इतकं सहज पार पडल्याचंच आश्चर्य वाटत होतं. गाडीत दूध होतं, आइस्क्रीम होतं, उकाडा मरणाचा होता. मी म्हटलं, चला, झालं ना मनासारखं.

मराठी माणसाला सांगून बघा, आमचे आजोबा बेचाळीसला गेले म्हणून. तो पुढचं विचारणारच नाही. ते कुठल्या बाजूला उभे असताना गेले, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आला नसता.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. बाबांनी कोट घातला होता, उन्हाळा असूनही. लेक शेजारी बसली होती, ती खास आबांसाठी थांबली होती. आधी लहान मुलांचे नाच झाले, मग दोन भाषणं, मग दिवे मंद करून स्लाइडशो. एकेक फोटो यायचा, सेक्रेटरीबाई नाव वाचायच्या, लोक टाळ्या वाजवायचे. कुणाचे पणजोबा भूमिगत होते, कुणाची आजी मिठासाठी तुरुंगात गेली होती. बाबा प्रत्येकाला टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून.

मग आजोबा आले. एवढे मोठे. फोटो कसल्यातरी ॲपमधून स्वच्छ करून घेतला होता, पुसट झालेलं ते आपल्याच अंदाजाने भरून काढतं म्हणे. डोळे, मिशी, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. बाबा पुढे झुकले. "किती तरुण आहेत गं," ते कुजबुजले. बाबांचं वय त्यांच्या वडिलांच्या तिप्पट झालं होतं.

नाव वाचलं गेलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, नीट, खणखणीत आवाजात. बाबांचा श्वास मला ऐकू आला. आणि पुढे बाई म्हणाल्या, "बेचाळीसच्या लढ्यात देशासाठी प्राण देणारे हुतात्मा. आणि आपलं भाग्य असं, की त्यांचे चिरंजीव आज आपल्यामध्ये आहेत. काका, प्लीज उभे राहा!"

सगळं सभागृह उठलं. मागून कुणीतरी घोषणा दिली. मी बाबांकडे पाहिलं, आणि मला वाटलं ते आता बोलतील, नाही म्हणतील, वर्गात ज्या आवाजात धडा शिकवायचे त्या आवाजात सांगतील. ते उभे राहिले. त्यांचं तोंड उघडलं. शेजारच्या रांगेतला एक तरुण येऊन त्यांच्या पायाशी वाकला, त्याच्यामागे त्याची बायको, मग त्यांचं पोर. टाळ्या थांबेनात. आणि बाबांनी हात जोडले. चारी दिशांना वळून, सगळ्यांना, हात जोडले.

लेक माझ्या कानाशी म्हणाली, "मॉम, डू समथिंग." काय करणार होते मी? त्या टाळ्या थांबवून काय सांगणार होते?

नंतर जेवणाच्या रांगेत सेक्रेटरीबाई भेटल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. "काका, मी तर पर्सनली इतकी इमोशनल झाले ना. आमच्या पोरांना हे कळायला पाहिजे यार." बाबा म्हणाले, "छान वाचलंत." बस्स, एवढंच. मला त्या बाईचा राग यावा असं फार वाटत होतं, पण यायला जागाच नव्हती. तिने जो पाहिला तो फोटो आमच्याच घराने तसा सजवून ठेवला होता. तिने हार पाहिला आणि हारामागे जे असायला हवं ते मनानेच भरून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी बाकावर जायचं बंद केलं, कारण तिथे आता त्यांना मान मिळायला लागला होता. ज्यांनी आयुष्यभर गुडघ्यांशिवाय दुसरा विषय काढला नव्हता, ते म्हातारे त्यांना पाहून उठून उभे राहायचे. मी म्हटलं, मी फोन करते बाईंना, सांगते चूक झाली, त्या ग्रुपवर दुरुस्ती टाकतील. बाबा म्हणाले, "आता कुठल्या तोंडाने? मी हात जोडले ना."

"बाबा, तुम्ही गडबडलात. कुणीही गडबडेल."

"गडबडलो नाही," ते म्हणाले. "बरं वाटलं मला."

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "लोकांनी एकदा मारलं त्यांना. आईने झाकलं. आणि मी त्यांना पुसून त्यांच्या जागी दुसराच उभा केला, आणि त्याच्या नावाच्या टाळ्या घेतल्या." मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. काय ते आठवत नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही.

भाद्रपद आला. चतुर्दशीच्या सकाळी बाबा लवकर उठून आंघोळ करून तयार. खीर, वडे, भाजी, सगळं मी केलं होतं, सुट्टी टाकून. लेक कॉलेजातून व्हिडिओ कॉलवर होती, टॅबलेट टेबलावर उभा केला होता. गुरुजी पुण्याहून, दुसऱ्या स्क्रीनवर. बाबांनी मला भिंतीवरून फोटो काढायला सांगितला आणि चौरंगावर ठेवून घेतला. आणि मग म्हणाले, "कात्री आण."

मी समजले. नवा हार आणलेला नव्हता.

पण कात्री लावण्याआधी गुरुजींनी संकल्पाला सुरुवात केली आणि नेहमीचं विचारलं, "चतुर्दशीचं श्राद्ध, म्हणजे अपघाती ना हो?"

"नाही," बाबा म्हणाले. "पोलीस शिपाई होते. बेचाळीस साली स्वातंत्र्याच्या चळवळीत लोकांनी मारलं. कचेरीच्या दारात."

टॅबलेटमध्ये लेकीने मान वर केली. एवढ्या वर्षांनी आमच्या घरात हे वाक्य कुणीतरी पूर्ण बोललं होतं, आणि साक्षीला आम्ही तिघं होतो, त्यातला एक परका.

"बरं," गुरुजी म्हणाले. "काका, पळी थोडी कॅमेऱ्यासमोर घ्या, दिसत नाहीये. आणि जानवं उजव्या खांद्यावर."

बाबांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. तर्पण झालं, पिंड झाले. गुरुजींना पुढच्या कुणाकडे जायचं होतं, त्यांनी आशीर्वाद देऊन कॉल बंद केला. ते वाक्य कुठेही पोहोचलं नव्हतं. गुरुजींची काही चूक नाही, त्यांच्या पंचांगात तो शस्त्राने गेलेला एक माणूस होता, आणि त्याचं जे करायचं ते त्यांनी यथासांग केलं.

मग बाबांनी स्वतः कात्री घेतली. हाराचा दोरा कुजका झाला होता, एका फटक्यात तुटला. चंदनाचे तुकडे चौरंगावर सांडले. मी काच पुसली आणि फोटो उचलून उजेडाकडे धरला.

मला आधी वाटलं काचेवर काहीतरी लागलंय. पुन्हा पुसली. हाराखाली जेवढं झाकलेलं होतं तेवढं जसंच्या तसं होतं, गडद, ताजं. कोटाची बटणं एकेक मोजता येतील अशी. पट्ट्याचं बक्कल. गुडघ्यावरची टोपी, टोपीवरची बोटं, बोटांची नखं. आणि छातीवर बिल्ला, त्यावरचा नंबर स्वच्छ, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. त्याच्या वर हाराची वळणदार कड उमटलेली, आणि कडेच्या वर काहीच नाही. गावच्या अंगणातलं आणि इथल्या काचेच्या दारातलं ऊन इतकी वर्षं त्या एवढ्याच उघड्या भागावर पडत आलं होतं. पिवळट पांढरा डाग. मिशी असावी तिथे थोडी राखाडी सावली, बाकी कोरं. रोज बघत होतो आम्ही, रोज नमस्कार करत होतो, आणि हळूहळू गेलं म्हणून कुणाला कळलं नाही. बहुधा आम्ही आठवणीतलाच चेहरा त्यावर बघत होतो, बाबांकडे तर तीही आठवण याच फोटोची.

बाबांनी भिंग मागितलं. फोटो मांडीवर घेऊन, भिंग त्या पांढऱ्यावर धरून ते कितीतरी वेळ बसले. डोळे कुठे असतील त्याचा अंदाज घेत भिंग पुढेमागे करत होते. पानात वाढलेलं जेवण गार झालं.

"नंबर दिसतोय," ते शेवटी म्हणाले. "माणूस गेला."

टॅबलेटमधून लेक म्हणाली, "आबा, डोन्ट वरी, ओके? स्लाइडशोमधला फोटो आहे ना माझ्याकडे. फेस एकदम क्लिअर आहे त्यात. मी प्रिंट करून पाठवते. आय प्रॉमिस." घाईघाईत अर्धं मराठीत बोलली, जे ती कधी करत नाही, आणि त्यामुळेच मला भरून आलं.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

"नको बाळा," ते म्हणाले. "तो त्या हुतात्म्याचा फोटो आहे. माझ्या वडिलांचा नाही."